गाळलेलं वळण

डॉक्टरांच्या स्कूटरला मागच्या बाजूला लहान मुलाची एक वेताची खुर्ची बांधलेली असे. सायकलच्या जुन्या ट्यूबनं घट्ट आवळलेली. दर गुरुवारी ती घरून निघायची, बंगलोरच्या प्रत्येक सिग्नलला लोकांच्या कौतुकाचा विषय व्हायची आणि तुरुंगाच्या फाटकाशी येऊन थांबायची. पाहणाऱ्याला वाटे, आजोबा नातीसाठी खुर्ची घेऊन निघालेत. फाटकावरचा शिपाई मात्र ती उलटी करून, वेतात बोटं घालून तपासायचा आणि रजिस्टरात लिहायचा, 'खुर्ची, लहान, एक.' निघताना तीच नोंद बाहेर जाणाऱ्या सामानात.

आत एका रिकाम्या खोलीत सात कैदी सतरंजीवर गोल बसलेले असत. सातही जण बायका-मुलींवर अत्याचार केल्याबद्दल शिक्षा भोगत होते. पाचजणांच्या बाबतीत ती मुलगी दहा वर्षांच्या आतली होती, म्हणून खुर्ची लहान. डॉक्टर ती त्या गोलात ठेवत. तिच्यावर कुणी बसायचं नाही, पाय लावायचा नाही, टॉवेल टाकायचा नाही. ती त्या मुलीची जागा. एखादा कैदी रडायला लागला, माझ्या आयुष्याचं वाटोळं झालं म्हणू लागला, की डॉक्टर एक शब्द न बोलता ती खुर्ची अर्धा फूट त्याच्याकडे सरकवत. बहुतेकांचं रडणं तिथंच थांबे.

मी त्यांची दुभाषी. माझं शिक्षण समाजकार्याचं, नोकरी मल्लेश्वरममधल्या एका छोट्या संस्थेत आणि जन्म इथलाच. बाबा साताऱ्याकडून सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून आले आणि इथलेच होऊन गेले, त्यामुळे कन्नड मला मराठीइतकंच येतं. डॉक्टर नागपूरचे. तिकडच्या मनोरुग्णालयातून निवृत्त झाल्यावर मुलाच्या नोकरीपायी इकडं आले. सहा वर्षांत कन्नडचे एकूण तीन शब्द शिकले. सरी, स्वल्प आणि यावाग. म्हणजे बरं, थोडं आणि कधी. "एवढ्यात अख्खा संसार होतो," असं त्यांचं म्हणणं. मी सव्वीस वर्षांची, ते पासष्टीचे, तरी मला ते अक्का म्हणत. फाटकावरच्या शिपायाला अण्णा. कैद्यांनाही अण्णाच.

पहिल्या गुरुवारी मी विचारलं होतं, "डॉक्टर, तुम्हाला या माणसांची दया येते का?"

"अजिबात नाही," ते म्हणाले. "मी यांच्यासाठी येतच नाही. मी पुढचीसाठी येतो."

"पुढची कोण?"

"तेच तर आहे न. ती कोण ते कुणालाच माहीत नाही. ती आता कुठंतरी शाळेत जाऊन राहिली असेल, पाटीवर गिरवून राहिली असेल. आपलं काम जमलं तर तिला कधी कळणारच नाही की आपण होतो. फसलं तर पेपरात येईल."

या कामाला तेव्हा कुणाचा पाठिंबा नव्हता. सरकारी योजना वगैरे काही नाही, तुरुंगाच्या अधीक्षकांची एक परवानगी, तीही दर सहा महिन्यांनी हातापाया पडून वाढवून घ्यायची. तिथल्या एका जेलरसाहेबांनी आम्हाला हसत विचारलं होतं, यांना सुधारून काय लोणचं घालायचंय? डॉक्टरांनी मला त्याचं मराठी करायला लावलं आणि मग गंभीरपणे म्हणाले, "सांग त्यांना, लोणचं बरणीत राहतं. हे आज ना उद्या बाहेर येणार आहेत."

परदेशात यावर काय काय चाललंय, ते डॉक्टर मागवून वाचत. झेरॉक्सचे गठ्ठे त्यांच्या पलंगाखाली असत आणि त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, त्यांच्यावरून केरसुणी फिरवताना जे बोलत ते इथं लिहिण्यासारखं नाही. कुठं औषधं देऊन वासना कमी करत होते, कुठं गटात बसवून बोलतं करत होते. डॉक्टरांचा भर एकाच गोष्टीवर होता. गुन्हा अचानक घडत नाही. माणूस तिथवर चालत जातो, आणि वाटेत वळणं असतात.

हे ते म्हैसूरपाकावरून समजावत. डॉक्टरांना मधुमेह होता आणि म्हैसूरपाकाचा भयंकर नाद. "अक्का, म्हैसूरपाक खायचं दुकानात ठरत नाही. दुकानात काय, हात आपोआप जातो. ठरतं ते सकाळी. बँकेत जायचं तर जवळची वाट सोडून मी आठव्या क्रॉसच्या गल्लीनं का गेलो? छत्री दुरुस्तीला आजच का काढली? छत्रीवाला कुठं बसतो? दुकानाच्या शेजारी. म्हणजे चप्पल घालतानाच मी म्हैसूरपाक खाल्ला." मग खिशातून खडू काढून आमच्या ऑफिसच्या फरशीवर घरापासून दुकानापर्यंतचा नकाशा काढत आणि प्रत्येक वळणावर फुली मारून विचारत, "इथून परत फिरता आलं असतं का? आलं असतं. फिरलो का? नाही." त्यांच्या सगळ्या शर्टांचे खिसे खडूनं पांढरे झालेले. मला बस चुकून उशीर झाला तरी विचारत, "कोणत्या वळणावर?"

तुरुंगात तेच. प्रत्येकानं त्या दिवसाचा नकाशा फरशीवर काढायचा. सकाळी उठल्यापासून. चहा कुठं घेतला, कुणाशी भांडण झालं, बस सोडून चालत का निघालास. काम संपलं की डॉक्टर स्वतः ओल्या फडक्यानं तो पुसत, दुसऱ्या कैद्यांच्या नजरेला पडू नये म्हणून. त्यांचा एक सिद्धांत होता. पहिल्या नकाशात एक वळण नेहमी गाळलेलं असतं. आणि नेमकं तेच खरं असतं. ते कोणतं हे आपण सांगायचं नाही, आरोप करायचा नाही. "एक वळण राहिलंय," एवढंच म्हणायचं आणि थांबायचं.

त्या सातांत एक टेलर होता. तुरुंगाच्या शिवणखात्यात काम करायचा म्हणून सगळे त्याला टेलरच म्हणत. किडकिडीत, पस्तिशीचा, नखं स्वच्छ ठेवणारा. शेजारच्या घरातली मुलगी. त्यानं पहिल्यांदा नकाशा काढला तो दसऱ्याच्या सुमाराला. चौदा वळणं काढली. डॉक्टर नकाशाभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "एक वळण राहिलंय." मी कन्नडमध्ये सांगितलं. टेलर म्हणाला, "इल्ला सार. नाही. एवढीच आहेत."

पुढचा गुरुवार, त्याच्या पुढचा गुरुवार, तेच वाक्य, तेच उत्तर. मला तर कंटाळा आला. शिवरात्र झाल्यावरच्या एका गुरुवारी टेलरनं आपणहून खडू उचलला आणि मुलीच्या घरासमोर एक बारीक रेघ काढली. ती घरात आजीबरोबर असायची. यानं आजीला जाऊन सांगितलं होतं, रेशनच्या दुकानात रॉकेल आलंय, पळा, रांग लागलीय. रॉकेल आलेलंच नव्हतं. म्हातारी कॅन घेऊन गेली. पोलिसांना, कोर्टाला, बायकोला, कुणालाही त्यानं हे सांगितलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "सरी."

बाहेर आल्यावर त्यांना खुर्चीची ट्यूब बांधता येईना. शेवटी मी बांधली. मी आनंदानं म्हणाले, "डॉक्टर, हा तर बरा झाला म्हणायचा." तर माझ्यावरच उखडले. "मधुमेह बरा होतो का? त्याला वाट दिसली. वाट दिसणं वेगळं न् न जाणं वेगळं. रोज सकाळी चप्पल घालताना नव्यानं ठरवावं लागतं, बाप्पा."

त्याच वर्षी आमच्या मराठी मंडळानं गणपतीत त्यांचं व्याख्यान ठेवलं. विषय दिला होता 'मनःस्वास्थ्य'. डॉक्टर स्टेजवर खुर्ची घेऊन चढले. दहाव्या मिनिटाला आया मुलांना उठवून मोदकांच्या टेबलाकडे घेऊन गेल्या. एक गृहस्थ उभे राहून म्हणाले, अशा नराधमांना फाशी का देत नाहीत? टाळ्या पडल्या. डॉक्टर म्हणाले, "द्या न. ज्यांना कोर्ट देईल त्यांना द्या. पण जो पुढच्या जानेवारीत सुटून राहिलाय तो कुठं राहणार ते सांगा. तुमच्या गल्लीत की माझ्या?" शेवटी अध्यक्षांनी शाल दिली आणि कानात सांगितलं, पुढच्या वर्षी मधुमेहावर बोला.

हा प्रश्न काही व्याख्यानापुरता नव्हता. जानेवारीत टेलर सुटणार होता. बायको केव्हाच निघून गेली होती, गावात पाऊल ठेवायची सोय नव्हती. डॉक्टर दोन महिने खोली आणि काम शोधत हिंडले. ज्याला विचारावं तो म्हणे, काम फार मोलाचं आहे तुमचं, पण आमच्याकडे नको. आमच्या घरामागं एक खोली रिकामी होती. डॉक्टरांनी मला विचारलं. माझी भाची तेव्हा सहा वर्षांची होती. मी नाही म्हणाले. आजही नाहीच म्हणेन. डॉक्टर म्हणाले, "बरोबर आहे तुझं," आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

शेवटी शहराबाहेर येलहंकाला जमलं. एक वयस्क शिंपी, छोटं दुकान, दोन मशिनं. काम फक्त कारखान्यांच्या गणवेशाचं, खाकी पँटी आणि निळे ओव्हरऑल. मापं कारखान्यातून कागदावर येत, गिऱ्हाईक असं दुकानात येतच नसे. राहायला मागच्या गल्लीत खोली, आजूबाजूला गोदामं. मी आणि डॉक्टर दोनदा जाऊन पाहून आलो. शाळा किती लांब, नळ कुठं, बसथांब्यावर कोण उभं असतं, सगळं खडूनं काढलं. डॉक्टर इतके खूष की परतताना त्यांनी म्हैसूरपाक खाल्ला, आणि कोणत्या वळणावर ठरलं ते आपणहून कबूल केलं.

एक गोष्ट त्यांनी मालकाला पूर्ण सांगितली नाही. तुरुंगातून सुटलेला आहे हे सांगितलं. कशासाठी, तर मारामारी म्हणाले. मी ते कन्नडमध्ये तसंच सांगितलं.

चार महिने टेलर दर गुरुवारी माझ्या ऑफिसात येई. तुरुंगातून परतल्यावर डॉक्टर तिथं त्याची वाट पाहत बसत. तो आठवड्याचा नकाशा काढायचा. कुठं गेलो, कुठं जाणार होतो पण गेलो नाही. एकदा पुढच्या रस्त्यानं मुलांची मिरवणूक जाणार होती, तर तो दिवसभर खोलीचं दार लावून बसला होता. डॉक्टर त्याला शाबासकी देत नसत. फक्त सरी म्हणत. टेलर त्या एका शब्दासाठी दोन बस बदलून येत होता, हे मला दिसत होतं.

मे महिन्यात डॉक्टरांचे भाऊ आजारी पडले आणि ते नागपूरला गेले. जाताना तिकडचा फोन नंबर माझ्या टेबलावरच्या काचेखाली सरकवून गेले. "काही वाटलं तर फोन कर. स्वल्प वाटलं तरी कर."

ते गेल्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी टेलर ऑफिसात आला. गुरुवार नसताना. ऑफिस अर्धा दिवसच होतं, बाकीच्या बायका निघून गेल्या होत्या, मी कुलूप हातात घेऊन उभी होते. बहिणीच्या साखरपुड्याच्या साड्या घ्यायच्या होत्या आणि आई चिकपेटला दुकानात येऊन थांबणार होती. तो दारातच उभा राहिला.

"अक्का, सोमवारपासून शाळेचं काम सुरू होतंय."

"कसलं शाळेचं?"

"युनिफॉर्म. जूनमध्ये शाळा उघडणार ना. दर वर्षी घेतात म्हणे. मालकांचे डोळे गेलेत, मापं तूच घे म्हणाले." मग म्हणाला, "मुलं दुकानात येणार, अक्का."

मला सगळं समजलं. समजलं नव्हतं असं मी कधी म्हटलेलं नाही, कारण कुणी मला विचारलंच नाही. मी काय करू शकले असते तेही मला ठाऊक होतं. काचेखालचा नंबर होता. मालकाला फोन करता आला असता, पण मग मारामारीची थाप उघडी पडली असती आणि त्याचं काम गेलं असतं. आणि खरं सांगायचं तर, दोन वर्षं त्याच्यासमोर बसूनही रिकाम्या ऑफिसात तो दारात उभा असताना मला त्याची भीती वाटत होती. मला तो तिथून जायला हवा होता.

मी म्हणाले, "डॉक्टर पंधरा दिवसांत येतील. तोवर मालकांना सांगा, मी मशीनवरच बसतो. मापं नको म्हणावं."

"कारण विचारतील."

"काहीतरी सांगा. पाठ दुखते म्हणा."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सरी, अक्का." आणि जिना उतरून गेला. मी कुलूप लावलं. आईनं पाच साड्या काढून ठेवल्या होत्या, त्यातली मोरपंखी आम्ही घेतली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पेपरात चार ओळी आल्या. आठ वर्षांची मुलगी. आईबरोबर मापं द्यायला आली होती. आईला त्यानं कापडाचा तुकडा देऊन कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतीजुळती बटणं आणायला पाठवलं होतं. मुलगी वाचली. तिचं नाव पेपरात नव्हतं, मला नंतर कळलं. ते मी कुणाला सांगणार नाही. डॉक्टर इतकी वर्षं जिला पुढची म्हणत होते, ती ही.

डॉक्टर नागपूरहून तसेच आले. टेलरला कोठडीत भेटायला जाताना त्यांनी मला बरोबर बोलावलं. मी ताप आलाय म्हणून कळवलं. ते एकटेच गेले आणि अर्धा तास त्याच्यासमोर बसून आले, असं काकूंनी सांगितलं. तीन शब्दांच्या भांडवलावर त्या अर्ध्या तासात त्यांचं काय बोलणं झालं, ते मला माहीत नाही.

परवानगी अर्थातच रद्द झाली. अधीक्षकांनी कळवलं, एकदा येऊन कपाटातले तुमचे कागद घेऊन जा. तो गुरुवारच होता. डॉक्टर नेहमीसारखे खुर्ची बांधून आले. शिपायानं ती उलटी करून तपासली आणि लिहिली. खोलीत कुणी नव्हतं, सतरंज्या कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या होत्या. डॉक्टरांनी खुर्ची तिच्या जागी ठेवली आणि खिशातून खडू काढून माझ्या हातात दिला.

"अक्का, काढ. टेलरच्या खोलीपासून त्या दिवसापर्यंत."

मी खाली बसून काढायला लागले. मागची गल्ली, बसथांबा, दुकान. डॉक्टर वाकून पाहत होते. जानेवारीपाशी त्यांनी दुसरा खडू काढला आणि स्वतः फुली मारली. "इथं मी. मालकाला अर्धंच सांगितलं." मग दुकानाच्या दारावर दुसरी. "इथंही मी. थंडीत येऊन दुकान पाहून गेलो. मे महिन्यात शिंपी काय शिवतात हे काकूला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. चाळीस वर्षं माणसांची मनं तपासली, न् एवढं डोक्यात आलं नाही." पुढं मीच काढत गेले. डॉक्टर नागपूरला गेले ते. सोमवार, पहिली मुलं, टेप, बटणं. माझ्या ऑफिसकडे येणारी रेघ मी गुरुवारांपुरती काढली आणि थांबवली.

डॉक्टरांनी नकाशाभोवती एक चक्कर मारली.

"एक वळण राहिलंय," ते म्हणाले.

"नाही, डॉक्टर. एवढीच आहेत."

ते थांबून राहिले. त्यांना थांबता फार छान येत असे. मला रडू फुटलं. आपण किती केलं त्याच्यासाठी, मी म्हणाले, माझी दोन वर्षं यात गेली, आता मला झोप लागत नाही, असं मी कितीतरी बोलत राहिले. डॉक्टरांनी वाकून ती वेताची खुर्ची अर्धा फूट माझ्याकडे सरकवली.

माझं रडणं थांबलं. वळण मात्र मी काढलं नाही. डॉक्टर म्हणाले, "सरी," आणि ओला फडका घेऊन स्वतः गुडघ्यांवर बसून नकाशा पुसायला लागले. बाहेर शिपायानं खुर्ची लिहून घेतली. ट्यूब त्यांनीच बांधली. त्यानंतर आमच्या भेटी गणपतीच्या आरतीपुरत्या होत राहिल्या आणि त्यांनी मला कधी काही विचारलं नाही.

डॉक्टर जाऊन आता बरीच वर्षं झाली. टेलरला त्याचं राहिलेलं वळण काढायला पाच महिने लागले होते.